खणातली नवी पिन

१

पत्र कुठंच नव्हतं. आवक नोंदवहीत नव्हतं, बंदुकीच्या फायलीत नव्हतं, साहेबांच्या टेबलावरच्या ढिगातही नव्हतं. एका बाईनं ते पंधरा दिवसांपूर्वी, सोमवारी, पोलीस ठाण्यात आणून दिलं असं तिचा भाऊ शपथेवर सांगत होता. आणि ती बाई आता इस्पितळात बेशुद्ध पडली होती.

साहेबांनी शोधायला बोलावलेल्या बाईंना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती. ठाण्याची पायरी चढताना त्यांचा हात आपोआप कठड्याच्या त्या सुट्या गजाकडे गेला. तो अजून हलत होता. तीस वर्षं त्या इथं रेकॉर्ड सांभाळत होत्या. नाव घेऊन त्यांना कुणी कधी हाक मारली नव्हती. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांच्या त्या 'बाई'.

"बसा, बाई," साहेब म्हणाले आणि त्यांनी स्वतः उठून दार लावलं. हे साहेब शिकाऊ म्हणून आले तेव्हा फायलीच्या पानांवर आकडे कुठल्या कोपऱ्यात घालायचे हे बाईंनीच त्यांना शिकवलं होतं. चारचौघांत त्या त्यांना अहोजाहो करत. दार लागलं की जुनी सवय परत यायची.

"रात्रभर झोपलेला दिसत नाहीस."

"कशी येणार झोप? काल दुपारी मोजणी खात्यातल्या एका माणसाच्या घरी बार उडाला. बायकोच्या खांद्याखाली छर्रे गेलेत. तो म्हणतो, बंदूक साफ करत होतो, चुकून उडाली."

"भरलेली बंदूक साफ करत होता?"

"तेच मी विचारलं. म्हणतो, भरलेली आहे हे माहीत नव्हतं. बंदूक त्याच्या मामाची. मामांना डोळ्यांनी दिसेना, म्हणून भाच्याच्या नावावर करायचा अर्ज आला. स्थानिक ठाण्यानं मान्यता दिल्याशिवाय बंदूक हात बदलत नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं. मान्यता मी दिली. सही माझी आहे."

बाईंनी खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"आणि आता हा भाऊ म्हणतो, बहिणीनं आधीच लिहून दिलं होतं. माझ्या नवऱ्याला बंदूक देऊ नका, तो मला मारील. बाई, ते पत्र माझ्यासमोर आलं असतं तर मी सही केली असती का?"

"नसती केलीस."

"बुधवारी त्याला कोर्टात उभं करायचंय. पत्र नसेल तर तो अपघात. संध्याकाळी तो घरी. आणि ती वाचली, तर तीही त्याच घरी." साहेबांनी टेबलावरचा पेपरवेट उगाचच एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवला. "वरची चौकशी यायला महिना जाईल. माझ्याकडे दोन दिवस आहेत. ती खोली तुमच्याइतकी कुणाला ठाऊक नाही."

"खोलीच्या किल्ल्या किती?"

"तीन. लेखनिकेकडे एक, हवालदाराकडे एक."

"आणि तिसरी?"

साहेबांनी खिशातून किल्ली काढून बाईंसमोर ठेवली. "माझ्याबद्दलही तपास करा," ते म्हणाले.

२

रेकॉर्डच्या खोलीला तोच वास होता. खळ, जुना कागद आणि खिडकीशी तापलेलं लाकूड. बाईंच्या टेबलाशी आता लेखनिका बसत होती, मुंगी. हे नाव बाईंनीच ठेवलेलं. ही पोरगी विशीत कामाला आली तेव्हा खाली मान घालून, आवाज न करता, ढिगाएवढं काम उपसायची. आता चाळिशी आली होती, चष्मा लागला होता, पण बाईंना पाहताच ती तशीच धडपडून उभी राहिली.

"बस गं. मी काय तपासणीला आले नाही."

"तपासणीलाच आलात, बाई," मुंगी हळूच म्हणाली.

बाईंनी नोंदवही ओढली. त्या सोमवारचं पान. आलेल्या कागदांचे क्रमांक ओळीनं, एकही गाळलेला नाही. पान फाडलेलं नाही, खाडाखोड नाही. सगळं मुंगीच्या मोत्यासारख्या अक्षरात. बुधवार ते शुक्रवार मात्र हवालदाराचे कोंबडीचे पाय.

"हे तीन दिवस तू नव्हतीस?"

"सासूबाईंचं डोळ्यांचं ऑपरेशन होतं."

मग बंदुकीची फाईल. अर्ज, मामांचं संमतिपत्र, बंदुकीच्या नळीवरच्या आकड्यावर कागद ठेवून पेन्सिल घासून घेतलेली छाप. ही छाप घ्यायची रीत बाईंच्या आधीपासूनची. हवालदाराचा घरभेटीचा अहवाल बुधवारचा. साहेबांची मान्यता गुरुवारची. शुक्रवारी बंदूक ताब्यात दिल्याची पावती. दोऱ्यानं शिवलेली फाईल, एकही भोक जास्तीचं नाही. यातून कुणी काही काढून घेतलेलं नव्हतं.

म्हणजे पत्र या फायलीत कधी आलंच नव्हतं.

बाईंनी सवयीनं टेबलाचे खण उघडले. पहिल्यात शिक्के. दुसऱ्यात सुया आणि दोऱ्याची रिळं. तिसऱ्यात चघळायच्या गोळ्यांचा एक डबा आणि तळाला अंथरलेला तपकिरी कागद. तो कागद बाईंनीच घातला होता, चार कोपऱ्यांना चार पिना ठोकून. तीन पिना गंजून काळ्या झाल्या होत्या. चौथी चकचकत होती.

बाईंनी खण लावला. जरा जास्तच जोरात लागला तो.

"गोळ्या अजून ठेवतेस वाटतं," त्या म्हणाल्या.

"तुम्ही ठेवायचात म्हणून."

तेवढ्यात दारात सावली पडली. हवालदार उभा होता, टोपी हातात, कपाळावर घाम.

"बाई, आधीच सांगून टाकतो. पत्र मी घेतलेलं नाही. पण माझ्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही."

"का बरं?"

"कारण तिच्या नवऱ्याबरोबर मी दर रविवारी कॅरम खेळतो."

३

हवालदाराला बाईंनी अंगणातल्या बाकावर नेलं. माणूस उभ्या अंगाचा, बोलायला मोकळा, लग्नकार्यात वाढपी म्हणून सगळ्यांना हवा असलेला. आज तो बाकाच्या टोकाला अंग चोरून बसला.

"कालच्या रविवारी खेळलास?"

"नाही. तो म्हणाला, आज घरी जरा काम आहे." हवालदारानं मान खाली घातली. "आणि मी घरी जाऊन झोपलो, बाई. जेवून पडलो होतो आरामात."

"घरभेट कशी केलीस ते सांग. अहवालातलं नको, खरं सांग."

"खरंच तसंच केलं. तुम्हीच शिकवलंत ना, घरच्यांना एकेकटं विचारायचं. त्याला म्हटलं, तू बाहेरच्या खोलीत बस, बंदूक ठेवायचं कपाट नंतर बघतो, आधी मला वहिनींशी बोलू दे. तो हसला, म्हणाला, बोल की, तुला चहाच मिळेल. मी स्वयंपाकघराच्या दारात गेलो. विचारलं, वहिनी, घरात बंदूक यायला तुमची हरकत आहे का?"

"मग?"

"मग तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी खुळा आहे. आणि म्हणाली, 'मला काय सांगायचं ते मी सांगितलंय.'"

"एवढंच?"

"एवढंच. बाहेर तो ऐकतच होता, खोल्या केवढ्या त्या. मला वाटलं, नवऱ्याला सांगितलंय, त्यांचं आपसात ठरलंय. तिच्या कपाळावर आठी होती, पण बाई, मी त्यांच्याकडे गेलो की ती नेहमीच असायची. मला वाटायचं, कॅरमची सोंगटी आपटलेली तिला आवडत नाही."

"आणि तू लिहिलंस, हरकत नाही."

"लिहिलं." त्यानं टोपीची कड दोन्ही हातांनी दाबली. "शिपाई म्हणतायत, दोस्तासाठी पत्र गिळलं यानं. माझी बायको काल रात्रीपासून माझ्याशी बोललेली नाही. मी तिला विचारलं, तुलाही तसंच वाटतं का? तर म्हणाली, तुम्ही तिच्या कपाळाकडे पाहिलंत आणि सोंगटीचा विचार केलात."

बाई उठल्या. 'मी सांगितलंय.' हे वाक्य त्यांच्या डोक्यातून जाईना. ती त्या हवालदाराला ते सांगत नव्हतीच. ती ठाण्याला सांगत होती. सोमवारी तुमच्याकडे येऊन सांगून गेले, आणि आज तुम्ही पुन्हा विचारता, तेही त्याच्या कानावर जाईल असं?

भाऊ खोटं बोलत नव्हता. पत्र ठाण्यात आलं होतं.

४

इस्पितळाच्या लांब पडवीत भाऊ बाकावर भिंतीला पाठ टेकून बसला होता. हा गिरणीत यंत्रं दुरुस्त करायचा. हातांच्या रेघांत काळं तेल मुरलेलं. मांडीवर बहिणीची पर्स होती आणि ती तो कुणी हिसकावून घेईल अशी धरून होता.

"मी पोलिसांतली नाही आता," बाई त्याच्या शेजारी बसत म्हणाल्या. "म्हातारी आहे. मला फक्त तो सोमवार सांग."

"किती वेळा सांगू, मावशी? दुपारी तिला मीच स्कूटरवर नेलं. आत येतो म्हटलं तर नको म्हणाली. मी ते पत्र वाचलंय. माझ्या घरी बसून लिहिलं तिनं, माझ्या लेकीच्या वहीतलं पान फाडून."

"आत किती वेळ होती?"

"वीसेक मिनिटं. बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले, पण चेहरा हलका. मी विचारलं, पोच दिली का? म्हणाली, नाही, पण दोनदा वाचलं त्यांनी, बसवलं, पाणी दिलं. मी म्हटलं, पोच घ्यायला हवी होती. तर माझ्यावरच चिडली. 'सगळे तुझ्या गिरणीतल्या साहेबांसारखे नसतात रे दादा.'" त्यानं पर्स आणखी जवळ ओढली. "गोळी चघळत होती. लिंबाची. मला हसूच आलं. मी म्हटलं, पोलीस ठाण्यात गोळ्या वाटायला लागले की काय. तीही हसली. शेवटचं तेव्हाच हसताना पाहिलं तिला."

बाईंनी बाकाची कड धरली.

"शुक्रवारी बंदूक घरी आली," भाऊ पुढं म्हणाला. "त्यानंतर तिचा फोन बंद. मी घरी गेलो तर दारातूनच म्हणाली, सगळं ठीक आहे, तू जा. तो मागं उभा होता. मावशी, मी गेलो. ती जा म्हणाली आणि मी गेलो."

आतून परिचारिका बाहेर आली तेव्हा दोघंही एकदम उभी राहिली. तिनं फक्त मान हलवली. अजून नाही.

बाईंना घरी परतताना रस्ता दिसत नव्हता. कुणी घेतलं ते आता त्यांना कळलं होतं. ते का घेतलं हेही कळलं होतं. ते कळलं नसतं तर बरं झालं असतं, असं आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं.

५

मंगळवारी सकाळी बाईंनी तिघांनाही रेकॉर्डच्या खोलीत बोलावलं. साहेब खिडकीशी उभे राहिले. हवालदार दाराला टेकला. मुंगी आपल्या खुर्चीत बसली होती आणि तिचे हात टेबलावर, शाळेतल्या मुलीसारखे.

"पत्र चोरीला गेलेलं नाही," बाई म्हणाल्या. "चोरणारा नोंदवहीत खूण ठेवून जातो. क्रमांक गाळावा लागतो, पान बदलावं लागतं. इथं तसं काही नाही, कारण पत्राला क्रमांक पडलाच नाही. ते घेतलं गेलं, वाचलं गेलं आणि बाजूला ठेवलं गेलं. सोमवारी दुपारी साहेब कुठं होते?"

"जिल्ह्याच्या बैठकीला," साहेब म्हणाले.

"आणि हवालदारानं पत्र वाचलं असतं तर तो बुधवारी तिला हरकत आहे का म्हणून विचारायला गेला नसता. निदान तिनं दिलेलं उत्तर कालच्यासारखं मला सरळ सांगितलं नसतं. ते उत्तर त्याच्याच गळ्याशी येणारं आहे, हे त्याला कळतच नव्हतं. राहिली ती रडणाऱ्या बाईला बसवणारी, पाणी देणारी, डब्यातली लिंबाची गोळी देणारी."

कुणी मुंगीकडे पाहिलं नाही. मुंगी मात्र बाईंकडे पाहत होती.

"साहेब, ही रीत तुम्हाला माहीत नाही. ती माझी आहे," बाई म्हणाल्या. "मी नवीन होते तेव्हा बायका अशी पत्रं घेऊन यायच्या. नवऱ्याला बंदूक देऊ नका, दिराला देऊ नका. मी लगेच शिक्का मारायची. दोन दिवसांत तीच बाई रडत परत यायची. पत्र परत द्या, घरात वणवा पेटलाय, मी रागात लिहिलं. पण क्रमांक पडलेला कागद परत देता येत नाही. एकीनं माझे पाय धरले होते. तेव्हापासून मी तशी पत्रं आठ दिवस तिसऱ्या खणात ठेवायला लागले. शिक्का नाही, क्रमांक नाही. म्हणायची, आठ दिवसांनी ये, मन तेच असेल तर नोंदवू. कितीजणी परत घेऊन गेल्या. मला दुवा देऊन गेल्या. मी कुणाला हे शिकवलं नव्हतं. माझ्याबरोबर संपलं असं मला वाटत होतं."

"मी पाहत होते ना, बाई," मुंगी म्हणाली. "दहा वर्षं तुमच्या शेजारी बसून."

"फाईल गुरुवारी सुटेल हे तुला ठाऊक नव्हतं. तू नव्हतीस. पण त्यानंतरच्या सोमवारी आलीस तेव्हा पाहिलंस की नाही?"

"पाहिलं."

"मग का नाही बोललीस?"

"हवालदारांनी लिहिलं होतं, हरकत नाही. मला वाटलं, घरात विचारल्यावर ती हरकत नाही म्हणाली, म्हणजे मिटलं. तरी गेल्या मंगळवारी दिवसभर वाट पाहिली. आठवा दिवस होता. आली नाही." मुंगीचा चष्मा धुरकटला, तिनं तो काढला नाही. "तुम्ही म्हणायचात, बाई, न आलेली बाई म्हणजे निवळलेली बाई. मी मनाचं काही केलं नाही."

साहेब खिडकीपासून पुढं आले. मग साहेबांनी विचारलं, "आता कुठंय ते पत्र? फाडलं?"

"या खोलीत कागद फाडत नाहीत," बाई आणि मुंगी एकदमच म्हणाल्या.

बाईंनी तिसरा खण ओढून पूर्ण बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला. "पिन नवी का?"

"जुनीचं डोकं तुटलं, उचकटताना."

बाईंनी नखानं चकचकीत पिन उपटली आणि तपकिरी कागदाचा कोपरा उचलला. वर शाळेच्या वहीतलं एक रेघांचं पान होतं, चौपदरी. साहेबांनी ते उघडलं, वाचलं आणि डोळे मिटून घेतले. कोर्टाला पुरेल एवढं त्यात होतं. तारीख होती, सही होती, आणि तो कुठल्या दिवशी काय म्हणाला ते तिनं ओळीनं लिहिलं होतं.

पण हवालदार खणाकडेच बघत होता.

"बाई," तो म्हणाला, "खाली अजून आहेत."

होते. पिवळे, मऊ पडलेले, काही निळ्या शाईचे, काही पेन्सिलीचे. न आलेल्या बायकांचे कागद. फाडणं बाईंच्या हाताला जमत नव्हतं, म्हणून दर खेपेला एक पिन उचकटून त्यांनी ते तळाशी सारले होते. त्या तेव्हा समाधानानं पिन परत दाबायच्या. आणखी एक घर सावरलं, असं मनाशी म्हणायच्या.

साहेबांनी मोजले. अकरा होते.

"यांचं पुढं काय झालं?" त्यांनी विचारलं.

तीस वर्षांतला कुठला कागद कुठल्या गठ्ठ्यात आहे हे बाई डोळे मिटून सांगू शकत. या अकराजणींचे चेहरे त्यांना आठवत होते, कुणाच्या कडेवर मूल होतं, कुणी गोळी पदराला बांधून नेली होती, तेही. पण पुढं काय झालं? त्यांनी ते कधी शोधलंच नव्हतं.

"जबाब लिहायला घ्या," त्या म्हणाल्या. "त्यात पहिलं नाव माझं घाला. हिचं माझ्यानंतर."

६

बुधवारी कोर्टानं पत्र वाचलं आणि नवऱ्याला सोडलं नाही. दुपारी इस्पितळातून भावाचा निरोप आला. तिनं डोळे उघडले होते आणि पहिलं विचारलं होतं, तो कुठंय. कोठडीत आहे म्हटल्यावर पुन्हा झोपली, या वेळी नुसती झोपली.

मुंगीनं किल्ली साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि स्वतःचा जबाब स्वतःच्या अक्षरात लिहून दिला. हवालदारानं आपला अहवाल बदलून मागितला नाही. त्याखाली एक ओळ वाढवली फक्त. तिनं उत्तर दिलं होतं, मला ते समजलं नाही.

संध्याकाळी तो ठाण्याची जीप घेऊन बाईंच्या दारात आला. बाई तयार होत्या. हातात अकरा कागद, जुन्यातला जुना सर्वांत वर.

"पत्ते तीस वर्षांपूर्वीचे आहेत, बाई. माणसं असतील का तिथं?"

"असतील तिथं बसू. नसतील तिथं शेजारी विचारू. चल."

पहिलं घर गल्लीच्या टोकाला होतं. दार हिरवं होतं, पत्रात लिहिल्याप्रमाणे, फक्त रंगाचे पोपडे सुटलेले. बाईंनी कडी वाजवली. कुणी आलं नाही. पुन्हा वाजवली. मग बराच वेळ, जोरात.

दार उघडलं ते एका पांढऱ्या केसांच्या बाईनं. तिच्या कडेवरचं मूल आता कुठं असेल, पण हनुवटीवरचा तीळ तोच होता. बाईंनी तिला लगेच ओळखलं. त्यांनी काही बोलायला तोंड उघडलं, तशी तिनं मान वळवून उजवा कान पुढं केला.

"मोठ्यानं बोला," ती म्हणाली. "डाव्या कानानं ऐकू येत नाही. घरात बार उडाला होता, त्याला झाली आता सत्तावीस वर्षं."

मग तिची नजर बाईंच्या हातातल्या कागदावर गेली. ती बराच वेळ त्याकडे बघत राहिली. आपलं अक्षर ओळखायला माणसाला तेवढा वेळ लागत नाही, पण तिनं तो वेळ घेतला.

"आता आलात होय," ती म्हणाली, आणि दारातून बाजूला झाली.